श्वासाची गळती

घोरणे हा आपल्या घरांतून विनोदाचा विषय मानला गेला आहे. लग्नघरी पाहुण्यांची अंथरुणे घालताना "मामांना माडीवरच टाका, नाहीतर कोणाचा डोळा लागायचा नाही," असे कोणीतरी म्हणते. सगळे हसतात आणि मामाही हसतात. कुंभकर्ण आपण मुलांना हसत हसतच सांगत आलो. तिकडे इंग्रजीत चार्ल्स डिकन्सने पिकविकच्या कथेत (१८३६-३७) जो नावाचा एक लठ्ठ, उभ्या उभ्या झोपी जाणारा पोऱ्या रंगविला, तेव्हा त्याचे वाचकही हसले. पुढे १९५६ साली अमेरिकेतील काही डॉक्टरांनी अतिलठ्ठ आणि दिवसा पेंगणाऱ्या रुग्णांच्या एका आजाराला त्याच कादंबरीचे नाव दिले. हसण्याचा विषय वैद्यकाच्या पुस्तकात जायला एकशे वीस वर्षे लागली.

माझे यजमान घोरत, याचे मला मात्र कधी हसू आले नाही. उलट कित्येक वर्षे त्याचा आधारच वाटला. उमरग्यातल्या माणसांना याचे कारण सांगावे लागणार नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. किल्लारी येथून फार लांब नाही, आणि आमच्या तेव्हाच्या तालुक्यातले सास्तूर तर उद्ध्वस्तच झाले. त्यानंतर कित्येक महिने आम्ही घर असूनही अंगणात झोपलो. थंडी पडली तरी छपराखाली जायची छाती होईना. त्या दिवसांत मध्यरात्री जाग आली की मी प्रथम मुलाच्या अंगावर हात ठेवीत असे आणि मग यांचे घोरणे ऐकत असे. ते ऐकू आले की सगळे जागच्या जागी आहे, असे वाटून पुन्हा झोप लागे.

त्या घोरण्यात खंड पडतो, हे लक्षात यायला बरीच वर्षे गेली. हे जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले, अंगाने सुटले, आणि मग रात्रीचा तो आवाज बदलला. चढत चढत जाई, एकदम थांबे, आणि मग काहीच नाही. मी भिंतीवरच्या घड्याळाचा काटा पाही. वीस सेकंद, तीस, कधी चाळीस. मग गळ्यात काहीतरी अडकून सुटावे तसा एक हुंदका येई, सारे अंग हले आणि पुन्हा घोरणे सुरू होई. सकाळी त्यांना यातले काही आठवत नसे. डोके जड आहे एवढेच म्हणत. दिवसा मात्र वर्तमानपत्र वाचता वाचता, आल्यागेल्याशी बोलता बोलता त्यांचे डोळे मिटू लागले. सोलापूर-हैदराबाद महामार्ग आमच्या गावातून जातो आणि यांची शेताकडची फेरी स्कूटरवरून त्याच रस्त्याने होत असे. दुपारी ते परत येईपर्यंत मी ओसरीवरून उठत नसे.

१५ फेब्रुवारी २०२२ रोजी संगीतकार बप्पी लाहिरी मुंबईत निवर्तले. झोपेत श्वास अडण्याचा, म्हणजे ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्नियाचा, आजार त्यांना होता असे बातम्यांतून आले. आमच्या मुलाने पुण्याहून फोन केला आणि म्हणाला, "आई, बाबांचं तेच आहे." त्या उन्हाळ्यात सोलापूरला एका रात्रीची झोपेची तपासणी झाली. श्वास दहा सेकंद वा अधिक थांबणे किंवा फार उथळ होणे अशा घटना तासाला किती, ते मोजतात. पाचपर्यंत ठीक, तीसच्या वर गेले की आजार तीव्र. यांचा आकडा ४१ होता, आणि रक्तातील प्राणवायू एका क्षणी ७२ टक्क्यांवर उतरला होता.

डॉक्टरांनी सोप्या शब्दांत समजावले. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरते, आणि ओल्या फडक्याच्या नळीसारखा घसा मिटतो. छाती ओढत राहते, पण हवा आत जात नाही. मेंदू घाबरून क्षणभर जागा होतो, घसा उघडतो, माणूस पुन्हा झोपतो. हे रात्रभर चालते. हा आजार काही दुर्मिळ नाही. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली एक पाहणी प्रसिद्ध केली होती. नेहमीच्या आरोग्यतपासणीसाठी आलेल्या ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांमध्ये झोपेतील श्वासाचा बिघाड १९.५ टक्के, आणि दिवसाच्या पेंगण्यासह पुरता आजार ७.५ टक्के असा तिचा निष्कर्ष होता. पाहणी पुरुषांचीच होती, ही गोष्ट मी मनात नोंदवून ठेवली. पाळी गेल्यानंतर बायकांतही हे वाढते असे डॉक्टर म्हणाल्या. पण आपल्याकडची बाई घोरते, असे सांगायला तिच्या घरचे तिला दवाखान्यात नेतील तेव्हा खरे.

उपाय म्हणून एक यंत्र आले. त्याला सीपॅप म्हणतात. टिफिनच्या डब्याएवढी पेटी, तिच्यातून निघणारी लांब नळी, आणि नळीच्या टोकाला मास्क. खोलीतलीच हवा थोड्या दाबाने नाकातून आत सोडायची, म्हणजे तो दाब घशाला आतून टेकू देतो आणि घसा मिटत नाही. यात औषध नाही, प्राणवायूची टाकीही नाही. ही युक्ती ऑस्ट्रेलियातील सिडनीच्या डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी १९८० साली प्रथम एका रुग्णावर करून पाहिली आणि १९८१ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध केली. त्याआधी अशा तीव्र रुग्णांसाठी गळ्याला भोक पाडण्यापलीकडे फारसा इलाज नव्हता. त्या सुरुवातीच्या काळात प्रत्येक रुग्णाच्या नाकाचा साचा घेऊन मास्क घडवीत आणि हवा निसटू नये म्हणून तो दररोज रात्री नाकावर चिकटवीत, हे वाचून मला त्या अनोळखी माणसांविषयी फार माया वाटली. गळतीचे दुखणे या उपचाराच्या जन्मापासूनचे आहे.

आमच्या घरातही तेच दुखणे पहिल्या रात्रीपासून सुरू झाले. दुकानातून मिळालेला मास्क फक्त नाकावर बसणारा होता. झोपेपर्यंत सारे शांत. मग कडेने फुर्र फुर्र आवाज सुरू झाला. हवेची एक बारीक धार यांच्या डाव्या डोळ्यावर जाई आणि सकाळी डोळा लाल होई. यांनी पट्टे आवळले. गालांवर वळ उठले, नाकाच्या दांडीवर जखम झाली, आणि गळती होती तशीच राहिली. सोलापूरच्या त्या दुकानदाराला फोन केला की तो म्हणे, "अजून टाइट करा." त्याच्या दुकानात भर दुपारी, खुर्चीत ताठ बसवून, यंत्र न लावताच त्याने माप घेतले होते. सात हजार रुपयांच्या वस्तूची ही रीत मला तरी बरी वाटली नाही.

आवळण्याने गळती का थांबत नाही, हे पुढे डॉक्टरांनी सांगितले तेव्हा मला कुकरची रिंग आठवली. मास्कच्या सिलिकोनच्या गादीला आतून एक पातळ पापुद्रा असतो. आतली हवाच त्याला फुगवून चेहऱ्याशी बिलगवते. पट्टा जास्त आवळला की तो पापुद्रा चुरगळतो आणि चुण्यांतून हवा पळते. म्हणून मास्क लावायचा तो उशीवर आडवे होऊन, यंत्र सुरू करून. आधी गादी किंचित उचलून हवेने भरू द्यायची, मग हलकेच टेकवायची आणि पट्टे दोन्ही बाजूंनी सारखे, जेमतेम लावायचे. बसलेल्या माणसाचा चेहरा आणि निजलेल्याचा चेहरा एक नसतो. गाल कानांकडे ओघळतात.

यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होती, आणि ती माझ्याखेरीज कोणाला दिसण्यासारखी नव्हती. दुकानात गेले तेव्हा यांच्या तोंडात कवळी होती. रात्री ती काढून वाटीत ठेवतात. कवळी निघाली की वरचा ओठ आत जातो आणि गालाला खळगा पडतो, म्हणजे ज्या चेहऱ्यावर मास्क बेतला तो चेहरा रात्री उरतच नाही. शिवाय यांची मिशी. नाकाच्या मास्कची खालची कड नेमकी वरच्या ओठावर टेकते, आणि केसांच्या मुळांतून हवेला जितक्या वाटा हव्यात तितक्या मिळतात. त्यात झोपण्यापूर्वी टाळूवर खोबरेल चोळायची आमची जुनी सवय; तेल घामाबरोबर कपाळावरून नाकाकडे उतरते आणि सिलिकोन त्यावरून घसरते. तेल मी सकाळवर नेले. रात्री साबणाने चेहरा धुणे आणि रोज सकाळी मास्कची गादी सौम्य साबणाच्या पाण्यात बुचकळून सावलीत वाळविणे सुरू केले. एवढ्यानेच डोळ्यावरची धार बंद झाली.

तरीही यंत्राच्या पडद्यावर सकाळी दिसणारा गळतीचा आकडा काही उतरेना. आमच्या यंत्रात मिनिटाला २४ लिटरपर्यंतची गळती चालते असे डॉक्टरांनी सांगितले होते (निरनिराळ्या कंपन्यांची यंत्रे निरनिराळ्या रीतीने मोजतात, तेव्हा हाच आकडा सर्वांना लागू धरू नये). यांचा आकडा पन्नास-साठ असे. सकाळी जीभ टाळूला चिकटलेली, घसा कोरडा, आणि तोंडाची चव गेलेली. तिसऱ्या आठवड्यात यांनी यंत्र गुंडाळले, जुन्या चादरीत बांधले आणि माळ्यावर ठेवून दिले. "अगं, वाळवंटात झोपल्यासारखं वाटतं. होईल ते होऊ दे," एवढेच म्हणाले. मी वाद घातला नाही. रात्री दिवा मालवला, घड्याळ समोर होतेच.

मुलाने मला फोनवर आवाज टिपायला शिकविले होते. त्या रात्री तासभर मी फोन यांच्या उशाशी ठेवला आणि दुसऱ्या दिवशी चहा झाल्यावर काही न बोलता ते लावून दिले. घोरण्याला ते थोडे हसले. मग ती शांतता आली. ते फोनकडे पाहत राहिले. "बंद पडला का?" त्यांनी विचारले. मी म्हटले, "नाही. तुम्ही आहात ते." हुंदका येईपर्यंत दोघेही बोललो नाही. माळ्यावरून यंत्र त्यांनी स्वतः उतरविले.

मग तसाच आवाज मास्क लावल्यानंतरचा टिपून आम्ही डॉक्टरांकडे नेला. पडद्यावरचा आकडा हवा किती गेली ते सांगतो, कोठून गेली ते सांगत नाही. डॉक्टरांनी क्षणभर ऐकले आणि म्हणाल्या, "हे मास्कमधून नाही, ओठांतून आहे." जागेपणी जीभ आणि पडजीभ तोंडाची वाट बंद ठेवतात. झोपेत जबडा सुटला की नाकातून घातलेली हवा घशाला टेकू न देता तोंडावाटे बाहेर पळते, आणि मास्क कितीही चांगला असला तरी घसा पुन्हा मिटतो. यात एक दुष्टचक्र आहे. हवा नाकातून आत आणि तोंडातून बाहेर अशी एकाच दिशेने वाहत राहिली की नाकाचे अस्तर सुकते, सुजते, नाक चोंदते; नाक चोंदले की तोंड आणखी उघडते. म्हणून तोंडाचा इलाज नाकापासून सुरू होतो. डॉक्टरांनी नाकात मारायचा फवारा दिला, उकळून निवविलेल्या पाण्यात मीठ घालून नाक धुवायला सांगितले, आणि यंत्रातली पाणी तापविण्याची डबी, जी आम्ही एक अनावश्यक चैन समजत होतो, ती रोज भरायला लावली.

मुलाने फोनवर कोठेतरी ओठांना चिकटपट्टी लावण्याचा उपाय पाहिला होता. डॉक्टरांनी त्याला साफ नकार दिला. नाक पूर्ण मोकळे असल्याची खात्री नसताना तोंड बंद करणे, आणि रात्री उलटी आली तर काय, या विचारानेच माझ्याही अंगावर काटा आला. त्याऐवजी हनुवटीचा पट्टा मिळाला: हनुवटीखालून निघून डोक्यावर बांधायचा, म्हणजे जबडा पडत नाही.

त्या पट्ट्याविषयी लिहावे की नाही, याचा मी बराच विचार केला. आपल्याकडे माणूस गेला की तोंड उघडे राहू नये म्हणून अंग ताठण्यापूर्वी हनुवटीखालून डोक्यावर पट्टी बांधतात. माझ्या सासऱ्यांना ती मीच बांधली होती, त्यांच्याच धोतराच्या पट्टीने. पहिल्या रात्री यांनी पट्टा बांधला, डोळे मिटले, छातीवर हात ठेवले, आणि मी दिवा मालवून भिंतीकडे तोंड केले. मी काही बोलले नाही. चार-पाच रात्री अशा गेल्या. मग एका सकाळी तेच म्हणाले, "काल आरशात पाहिलं. अण्णाच दिसले मला." पट्टा त्या दिवसापासून कपाटात आहे. व्यवहाराच्या दृष्टीनेही त्याचा फारसा उपयोग झाला नव्हता. जबडा जागेवर राही, पण बिनदातांच्या ओठांतून हवा फुरफुरतच असे. ज्यांना तो लागू पडतो त्यांनी जरूर वापरावा. आमच्या घरात तो चालला नाही, आणि त्याची दोन्ही कारणे मी लिहिली आहेत.

शेवटी नाक आणि तोंड दोन्ही झाकणारा मास्क घ्यायचे ठरले. डॉक्टर आधी त्याला राजी नव्हत्या. त्याची कड मोठी, म्हणून गळतीच्या जागाही जास्त; तो हनुवटीला मागे रेटतो, म्हणून कित्येकांना हवेचा दाबही वाढवावा लागतो. पण यांच्यापुढे दुसरी वाट दिसेना. या वेळी आम्ही दुसरीकडे गेलो. मी कवळीची रिकामी वाटी पिशवीतून बरोबर नेली होती. "झोपवून, यंत्र लावून, दात काढून बघा," असे मी सांगितले तेव्हा तिथला मुलगा जरा गांगरला, पण त्याने बाकावर झोपवून तीन मापे लावून पाहिली. आधीच्या अंदाजापेक्षा लहान माप बसले. या मास्कची खालची कड ओठाखाली टेकते, त्यामुळे मिशी पूर्ण आत राहते. मिशी वाचल्याचा यांना जो आनंद झाला, तो प्राणवायूच्या आकड्यांनीही झाला नव्हता.

या मास्कला पुढे बारीक भोके आहेत आणि त्यांतून सतत हवा जाते. यांनी ती बोटाने दाबून "ही बघ गळती," असे विजयी मुद्रेने दाखविले. ती बुजवायची नसतात. आपण सोडलेला श्वास त्यांतून बाहेर जातो. तो आत कोंडला तर तोच पुन्हा घ्यावा लागेल. आमच्या महामार्गावरच नळदुर्ग आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी आदिलशाहीत बोरी नदीवर बांध घालून त्याच्या पोटात पाणीमहाल बांधला, आणि जास्तीचे पाणी नर आणि मादी अशा दोन वाटांनी सोडून दिले. पावसाळ्यात आम्ही मुलांच्या सहली तिथे नेत असू. बांधाला सोडलेल्या वाटा वेगळ्या आणि पडलेली भगदाडे वेगळी, एवढे सांगितल्यावर यांनी बोट काढले. इतकी वर्षे त्यांनीच तो धबधबा मुलांना समजावून सांगितला होता.

दुसरी भीती विजेची. मराठवाड्यात वीज कधी जाईल, हे वीज मंडळालाही सांगता यायचे नाही. तोंडावर मास्क आणि यंत्र बंद, तर गुदमरणार नाही का? अशा मास्कला एक झडप असते, आणि हवेचा दाब गेला की ती आपोआप उघडून बाहेरची हवा आत येते. ही माहिती दुकानात प्रत्येकाला सांगायला हवी. आम्ही एक लहान इन्व्हर्टर घेतला. सर्वांत जास्त वीज पाणी तापविणारी डबी खाते, म्हणून वीज गेलेल्या रात्री डबीचे तापविणे बंद ठेवतो. डबीत बोअरचे पाणी घालायचे नाही. आमच्या भागातल्या जड पाण्याने आठ दिवसांत पांढरा थर धरतो. त्यासाठी ऊर्ध्वपातित पाण्याच्या बाटल्या आणतो, आणि उरलेले पाणी रोज सकाळी तुळशीला घालतो.

आता गळती आठ-दहा लिटरवर असते. एखाद्या रात्री उशी सरकते, नळी दंडाखाली सापडून मास्क ओढला जातो आणि आकडा तीसवर जातो. म्हणून नळी डोक्यावरून घेऊन खाटेच्या गजाला सैल अडकवली आहे. श्वास थांबण्याचा आकडा तासाला तीनच्या आसपास आला. शेताकडच्या फेऱ्या पुन्हा सुरू झाल्या आहेत आणि मी दुपारी ओसरीवर बसत नाही. माझी स्वतःची झोप मात्र अजून रुळलेली नाही. घोरणे ऐकून झोपण्याची तीस वर्षांची सवय. आता खोलीत फक्त यंत्राची एक बारीक, सारखी सूं ऐकू येते. मध्यरात्री जाग आली की मी मास्कच्या त्या बारीक भोकांसमोर तळहात धरते. हवा लागते. श्वास सोडताना जास्त, घेताना कमी.

गेल्या डिसेंबरात थंडी पडली तशी नळीत पाणी साचून गुडगुड होऊ लागली. उबदार ओली हवा थंड नळीतून जाताना तिचे पाणी होते, म्हणून नळीला लोकरीचे वेष्टण घालतात. दुकानातले महाग वाटले. मी विणायला घेतले आहे. सहा फूट लांबीला निळी लोकर पुरली नाही, तेव्हा पुढे हिरवी जोडली. यांचे म्हणणे असे की मास्ककडची बाजू निळीच हवी.